आकुर्डीची सुनमाया

सुनमाया थापा आमच्या घरी भाडेकरू म्हणून आली ते साल सहासष्ट. मी त्याआधी दोन वर्षं लग्न होऊन खेडहून आकुर्डीला आले होते आणि गावातल्या शाळेत शिकवत होते. माझे सासरे दत्तोबा यांचं रान कारखान्यांसाठी गेलं होतं. मोबदला मिळाला, पण सकाळी उठून जायचं कुठं, हे त्यांना कळेनासं झालं. ते दारातल्या बाजेवर बसून राहायचे आणि भोंगा झाला की शिफ्टला निघालेल्या माणसांकडे पाठ फिरवायचे. बैल विकल्यावर गोठा रिकामा पडला होता. सासूबाईंनी, तानुबाईंनी, त्याच्या मधोमध भिंत घालून दोन खोल्या काढल्या. त्यातली एक सुनमायाला आणि तिच्या नवऱ्याला, हर्कला दिली.

हर्क एका कंपनीच्या गेटवर पहारेकरी होता. तेव्हा आमच्या भागात प्रत्येक गेटवर एक तरी नेपाळी असायचा, आणि सगळ्यांचं नाव एकच, बहादूर. नेपाळ हा वेगळा देश आहे हेसुद्धा गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बद्रीनाथाच्या पलीकडे कुठंतरी असेल, असा सगळ्यांचा अंदाज. ही माणसं एकेकटी यायची, पत्र्याच्या केबिनमध्ये राहायची, दोन-तीन वर्षांनी महिनाभर गावी जाऊन यायची. बायको घेऊन आलेला पहिला नेपाळी हर्कच.

सुनमाया विशीची होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, कमरेला लांबलचक कापड घट्ट गुंडाळलेलं. गाव पाल्पा जिल्ह्यात, डोंगरावर. मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती सगळी मराठी सासूबाईंच्या चुलीपाशी बसून शिकली, त्यामुळे पुढं आयुष्यभर ती ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ असंच बोलत राहिली. शहरातली माणसं ते ऐकून चकित व्हायची.

सासऱ्यांना भाडेकरू मुळीच नको होते. “कंपनीनं रान न्हेलं, आता गोठ्यात बी कंपनीचीच माणसं,” असं ते हर्कला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे. हर्क खाली मान घालून निघून जायचा.

त्या वर्षी नवरात्राच्या आदल्या दिवशी सुनमायानं सासूबाईंकडे दोन ओंजळी माती मागितली. कशाला, ते तिला सांगता येईना. दोन-तीन दिवसांनी सासूबाई तिच्या खोलीत डोकावल्या, तर कोपऱ्यात टोपलीखाली झाकलेल्या मातीत जव उगवून आले होते. उजेड न लागल्यामुळे कोंब पिवळेधमक. सासूबाईंनी तिचा हात धरून तिला देवघरापाशी नेलं आणि आमचा घट दाखवला. तीच माती, तेच कोंब. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. त्या दिवसापासून सुनमाया सासूबाईंना आमा म्हणायला लागली, म्हणजे आई.

दसऱ्याच्या सकाळी आमच्या अंगणात दहा-बारा नेपाळी जमले. चिंचवड, पिंपरी, भोसरी, कुठून कुठून चालत आलेले. सगळ्यांच्या डोक्यावर रंगीत नक्षीच्या टोप्या. सुनमायानं दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून ताट तयार केलं होतं. पण ताटाला कुणी हात लावेना. हर्कनं मोडक्या हिंदीत सांगितलं तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडे या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यानं धाकट्यांच्या कपाळाला टिळा लावायचा, ते पिवळे कोंब कानामागे खोचायचे आणि आशीर्वाद द्यायचा, अशी रीत. आणि इथं वडीलधारं कुणी नव्हतंच. सगळ्यात मोठा हर्क, तोही तिशीच्या आतला. धाकट्यानं थोरल्याला टिळा लावायचा नसतो. काहींच्या कपाळावर सणाला वडिलांचा हात पडून सात-आठ वर्षं झाली होती.

सुनमायानं ताट उचललं आणि सासूबाईंना खुणेनं बाजेकडे दाखवलं. सासूबाई बाजेपाशी गेल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, तुम्ही टिळा लावा.

“मी त्यांचा कोण लागतो?” सासरे म्हणाले.

“कुणी न्हाई लागत. म्हून तर इचारत्यात.”

 सासरे उठले, हातपाय धुतले, फेटा बांधला आणि अंगणात पाटावर येऊन बसले. पहिला पुढं आला तो चंद्रमान नावाचा पोरगेलासा माणूस. त्यानं डोकं सासऱ्यांच्या पायावर ठेवलं. सासऱ्यांनी टिळा लावला, कोंब खोचले, पण म्हणायचं काय ते त्यांना माहीत नव्हतं. सुनमाया काय म्हणतेय ते हर्कनं सांगितलं, की स्वतःच्या लेकरांना जे म्हणाल तेच म्हणा.

सासरे म्हणाले, “तुझ्या पायाखालची भुई कधी सुटू नये, लेकरा.”

हेच ते एकेकाला म्हणत गेले.  त्या दिवसानंतर सासरे रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले. शिफ्टला जाणाऱ्या नेपाळ्याला नावानं हाक मारून जेवलास का विचारायचे. आमच्या गावात त्यांना नावानं हाक मारणारा पहिला माणूस म्हणजे माझे सासरे.

एकाहत्तर साली भोसरीच्या एका कारखान्यातला नेपाळी पहारेकरी तापानं गेला. आजारी असताना कुणीतरी त्याला पुण्याला दवाखान्यात पोचवलं होतं. तो शुद्धीवर आलाच नाही. पोचवणाऱ्यांना त्याचं नाव बहादूर एवढंच माहीत होतं. वारस सापडेना, तेव्हा त्याचे विधी बेवारस म्हणून झाले. हे हर्कला कळलं तोवर पंधरवडा उलटला होता. तो मुलगा कुठल्या गावचा, कुणाचा, कुणालाच सांगता आलं नाही. त्याच्या घरी कळवायचं तरी कुणाला?

सुनमायानं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, “पद्मावैनी, त्याची आई तिकडं अजून वाट बघत आसंल. आन् हितं त्याचं नावसुदीक कुणी इचारलं न्हाई. आमी बी न्हाई इचारलं.”

त्याच आठवड्यापासून ती बाहेर पडायला लागली. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी कामगार नसतात, गेटवरचा माणूस मात्र जागेवरच. म्हणून ती गुरुवारीच निघायची. वर्षापूर्वी झालेलं पोर पाठीला बांधायची आणि गेटामागून गेट पालथं घालायची. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण कोण आहे, आजारी पडलास तर कुणाला सांगू, एवढंच विचारायची. सुरुवातीला माणसं बोलायची नाहीत. परक्या बाईनं असं येऊन विचारणं त्यांना अवघड वाटायचं. कुणी म्हणायचं, तू कोण विचारणारी? ती भोसरीच्या त्या मुलाची हकिकत सांगायची आणि माणूस बोलायला लागायचा. चाकणला तेव्हा कारखाने नव्हतेच म्हणा, पण कांद्याच्या एका गोदामावर तिच्याच डोंगरापलीकडचा एकजण आहे असं कळल्यावर ती एसटीनं तिथंही जाऊन आली.

आम्हालाही तिनं सोडलं नाही. माझे यजमान प्रभाकर हे कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होते. एकदा ते सहज म्हणाले की आमच्या गेटवरचा बहादूर फार नेक आहे. सुनमाया पाणी भरत होती. ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, “भाऊ, त्येंचं नाव टेकमान हाय. बहादूर हे नावाचं शेपूट. शेपटाला धरून माणसाला हाक मारू नये.” यजमान ओशाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेकमानला नावानं हाक मारली आणि ऑफिसातल्या इतरांनाही सांगितलं.

हळूहळू आमचं अंगण हे नेपाळ्यांचं ठाणं झालं. कुणी आजारी पडलं की निरोप आमच्याकडे यायचा आणि सुनमाया दोघांना तिकडे पाठवायची. कुणाची नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत तो गोठ्यातल्या दुसऱ्या खोलीत राहायचा. त्यांच्यातही जातीपातीचे तिढे होतेच. एक उपाध्याय ब्राह्मण होता, तो सुनमायाच्या हातचं खायचा नाही, कारण ती मगर जातीची. इतरांना त्याचा राग यायचा. सुनमाया त्याला म्हणाली, बरं झालं, मग सणाचा स्वयंपाक तुम्हीच करा, आम्ही जेवतो. तो बिचारा दर सणाला शंभर माणसांचं रांधून घामाघूम व्हायचा. तिसऱ्या वर्षी त्यानं स्वतःच तिला मदतीला बोलावलं, आणि मग तिच्याच हातचं जेवला.

एकोणऐंशी साली ते प्रकरण झालं. गावाच्या पूर्वेला सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती. तिच्या गोदामातून पितळेचा माल नाहीसा व्हायला लागला. पहाऱ्याचं काम हिंदुराव नावाच्या ठेकेदाराकडे होतं आणि त्यानं तिथं चौदा नेपाळी लावले होते. चंद्रमान त्यातलाच. माल कमी भरतोय हे वर कळताच हिंदुरावनं सरळ सांगून टाकलं की हे काम नेपाळ्यांचं आहे. चौदाही जणांना त्याच दिवशी गेटाबाहेर काढलं, सगळ्या कामगारांच्या देखत. पेट्या उघडून कपडे रस्त्यावर टाकले. बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुसऱ्या दोन कंपन्यांनीही आपापले नेपाळी तपासायला सुरुवात केली. रस्त्यानं जाताना पोरं त्यांना ‘चोर’ म्हणून हाका मारायला लागली.

संध्याकाळपर्यंत आमचं अंगण माणसांनी भरून गेलं. चंद्रमान भिंतीला टेकून बसला होता. बहुतेकांचं म्हणणं पडलं की परमुलखात भांडण नको, गावी निघून जावं. हर्कसुद्धा तेच म्हणाला. एवढ्या वर्षांत मी सुनमायाला नवऱ्याच्या विरोधात चारचौघांत बोलताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती बोलली.

“जायाला माजी ना न्हाई,” ती म्हणाली. “पर आज गेलो तर चोर म्हून गेलो. मागनं येणारं आपलं पोरगं हितं कुठल्या तोंडानं उभं ऱ्हाईल? डाग पुसू, मंग ज्याला जायाचं त्यानं जावं.”

हेच तिनं पुन्हा नेपाळीत सांगितलं. मग कुणी जायचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर-सव्वाशे नेपाळी आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून, टोप्या घालून निघाले. ज्यांची ड्यूटी होती ते रजा टाकून आले होते. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. कंपनीच्या गेटापासून भिंतीच्या टोकापर्यंत ते एका रांगेत उभे राहिले. सुनमाया सर्वांत पुढं होती. सासरे तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते. यजमानांनी त्यांना जाऊ नका म्हटलं, तर ते काठी घेऊन त्यांच्याही आधी घराबाहेर पडले. मीही शाळेतून रजा घेतली.

पहिल्या शिफ्टचे कामगार आत जायचे थांबले आणि बघत उभे राहिले. थोड्या वेळानं कंपनीचे कामगार अधिकारी उद्धवराव बाहेर आले. माणूस सरळ होता, पण गोंधळला होता. त्यांनी विचारलं की तुमची मागणी काय आहे.

सुनमाया म्हणाली, “मागायचं काय न्हाई, सायेब. नेपाळी चोर हाय म्हनलात. कंचा नेपाळी, त्ये इचारायला आलोय. एकेकाचं नाव ऐका, मंग सांगा.”

आणि तिनं चंद्रमानकडे पाहिलं. चंद्रमान एक पाऊल पुढं आला. टोपी सारखी केली आणि म्हणाला, “मी चंद्रमान, आडनाव आले. गाव अर्घली, जिल्हा पाल्पा. वडील काशीराम.” मागोमाग दुसरा आला. “खिमबहादूर राना. गाव वालिंग, जिल्हा स्यांग्जा.” मग तिसरा. कुणी मोठ्यानं बोलला, कुणी हळू. एकाला मराठी येत नव्हती, तो नेपाळीतच बोलला, पण नाव आणि गाव सगळ्यांना कळलं.  ज्या माणसाला रोज गेटवर बघत आलो त्याचं नाव आपण पहिल्यांदा ऐकतोय, हे कामगारांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. उद्धवराव जागचे हलले नाहीत. त्यांनी सगळी नावं ऐकून घेतली.

रांग संपली तेव्हा शेवटी माझे सासरे काठी टेकत पुढं आले.

“मी दत्तोबा. गाव ह्येच,” ते म्हणाले. “तुमचा कारखाना उभा हाय त्ये रान माजं व्हतं. आन् ही समदी माज्या घरची मानसं हायत.”

एवढं बोलून ते रांगेत जाऊन उभे राहिले.

उद्धवरावांनी चंद्रमानला आत बोलावलं, सुनमायालाही. काय घडलं ते नीट विचारलं. चंद्रमाननं सांगितलं की भंगार नेणारा ट्रक त्यानं दोनदा अडवला होता, ताडपत्रीखाली काय आहे ते बघायचं म्हणून. दोन्ही वेळा हिंदुरावच्या सुपरवायझरनं त्याला बाजूला केलं आणि नोकरी घालवीन म्हणून दम दिला. उद्धवरावांनी पोलिसांना कळवलं. आठवड्याच्या आत तो माल एका भंगारवाल्याकडे सापडला आणि सुपरवायझर पकडला गेला. हिंदुरावचा ठेका गेला.

कंपनीनं निरोप पाठवला की चौदाही जणांनी कामावर यावं. सगळे खूश झाले. सुनमाया मात्र म्हणाली की एवढ्यानं भागणार नाही. काढलं ते सगळ्यांच्या देखत काढलं, मग घ्यायचंही तसंच.  मला वाटलं, आता हातचं जाणार. पण उद्धवरावांनी ऐकलं. शिफ्ट बदलायच्या वेळी, दोन्ही पाळ्यांचे कामगार गेटवर असताना ते बाहेर आले. हातात कागद नव्हता. चौदा नावं त्यांनी पाठ करून आणली होती. एकेकाचं पूर्ण नाव घेऊन ते म्हणाले की या माणसांवर घेतलेला आळ खोटा होता आणि कंपनी त्यांची माफी मागते. यापुढं ते ठेकेदाराचे नाहीत, कंपनीचे कामगार. सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या त्या मराठवाड्यातून आलेल्या कामगारांनी. परक्या गावात उपरं म्हणून राहायचं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं.

सुनमाया टाळ्या वाजवत नव्हती. ताठ मानेनं, कमरेच्या कापडात हात खोचून उभी होती. तिच्याशेजारी हर्क उभा होता आणि तो गेटकडे न बघता बायकोकडे बघत होता.

पुढच्या वर्षी सासरे गेले. त्यांच्या तिरडीला खांदा द्यायला एवढी माणसं होती की भावकीतल्यांना पाळी मिळेना.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात सुनमाया आणि हर्क इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाल्प्याला गेले. नव्या भाडेकरूंना खोली द्यावी असं आळीतल्या बायका सासूबाईंना सुचवायला लागल्या. ती आता कशाला परत येतीय, असं सगळ्यांचं म्हणणं. सासूबाईंनी खोलीला हात लावू दिला नाही.

अडीच महिन्यांनी हर्कचा फोन प्रभाकरांच्या ऑफिसात आला. गोरखपूरहून निघालोय, चंद्रमानला आणि आता नावं सांगतो त्या बाकीच्यांना परवा चिंचवड स्टेशनवर पाठवा, एवढंच बोलला. दोन दिवसांनी दुपारी आठ-नऊ नेपाळी इस्त्रीचे कपडे घालून फलाटावर उभे होते. कशाला बोलावलंय ते त्यांनाही माहीत नव्हतं. पुण्याहून लोकल आली आणि डब्यातून आधी गाठोडी खाली आली, मग बायका. एकीमागून एक, कमरेला कापड गुंडाळलेल्या, काहींच्या कडेवर पोरं. त्या या माणसांच्या बायका होत्या. सुनमाया डोंगरातली गावं पायी फिरली होती. घराघरांत सासवांपुढं बसून तिनं सांगितलं होतं की तुमच्या सुना माझ्या दारात उतरतील, त्यांची जोखीम माझी. आजवर कुठल्याही मुलानं आईला ‘बायकोला घेऊन जाऊ का’ असं विचारायचं धाडस केलं नव्हतं.

चंद्रमानची बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि त्यातले सहा महिनेही त्यांनी एकत्र काढले नसतील.  तिनं नाचणीच्या पिठाची पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, धरा, जड आहे. चंद्रमान पिशवी पोटाशी धरून रडायला लागला.

सासूबाईंनी अंगणात तीन दगडांची आणखी एक चूल मांडली होती. शेजारची मंजुळाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, “तानुबाई, लईच पावणे आले वो तुमच्याकडं.”

“पावणे न्हवं,” सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “ऱ्हायला आल्यात.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी आळीच्या नळावर हंड्यांवरून कडाक्याचं भांडण झालं. नेपाळी बायकांना मराठीचा शब्द येत नव्हता, तरी त्या मागं सरल्या नाहीत. सुनमाया दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, जाऊन मिटव तरी. ती हसली आणि म्हणाली, मिटवतील त्यांच्या त्या, मला धाकट्या पोराला शाळेत सोडायचंय.